जागं करणारं झोपेचं औषध

३ मार्च, मंगळवार

धाकटी बोलत नाही. सकाळपासून एक शब्द नाही!

इस्पितळाच्या बाकावर बसून लिहिते आहे. हाताला काहीतरी काम हवं, नाहीतर मी नखं खाऊन संपवीन. सकाळी लाँड्री उघडली. मी काउंटरला बसले, ती मागे डाग काढायच्या टेबलाशी गेली. एक गिऱ्हाईक कोट घ्यायला आलं म्हणून मी हाक मारली, ओ नाही. पुन्हा मारली. आत जाऊन बघते तर ही टेबलासमोर उभी, हातात ब्रश, हात खांद्याइतका वर उचललेला. डोळे उघडे. मी म्हटलं, "काय गं, पुतळा-पुतळा खेळतेस?" हसले पण मी! मग तिचा हात खाली घेतला. मी जिथे सोडला तिथेच तो राहिला, हवेत, अर्ध्यावर.

इस्त्रीकाकांनी प्रेस बंद केली आणि टॅक्सी आणली. काका आमच्याकडे इतकी वर्षं इस्त्री करतात पण मोजकं बोलतात. आज एवढंच म्हणाले, "ताई, तुम्ही पर्स घ्या, मी तिला घेतो." तिला गाडीत बसवली. बसवली तशी बसली.

आणि ही कोण गप्प झाली तर रेडिओ! सगळी गल्ली तिला याच नावाने ओळखते. डाग कशाचा हे कळल्याशिवाय काढता येत नाही, म्हणून ती प्रत्येकाला डागाची हकिकत विचारते. गिऱ्हाईक थापा मारायला लागलं की म्हणते, "राहू द्या, मी डागालाच विचारते." निम्मी माणसं कपड्यांचं निमित्त करून तिच्याशी बोलायला येतात. घरीही तेच. दात घासतानासुद्धा तोंडाचा पट्टा चालू.

गेले काही दिवस जरा कमी बोलत होती हे खरं. ताटात अर्धं टाकायची. उजाडायच्या आधीच उठून बसायची. मी म्हटलं घसा बसला असेल. घसा!

मेंदूचा फोटो काढायला आत नेलंय. दार बंद आहे.

४ मार्च, बुधवार

फोटो स्वच्छ. रक्त स्वच्छ. सगळे "नॉर्मल, नॉर्मल" म्हणतात आणि माझी बहीण लाकडासारखी पडून आहे. ओठांशी चमचा नेला की दात घट्ट. सलाईन लावलंय. असं पडून राहिलं की पायात रक्ताच्या गाठी होतात म्हणे, म्हणून पोटावर एक बारीक सुई पण टोचतात.

मावशी येऊन बघून गेली. तिच्या उशाशी उभी राहून म्हणाली, "नाटकं आहेत. दोन ठेवून दिल्या की बोलेल पोपटासारखी." मी मावशीला बाहेर काढलं आणि आत येऊन स्वतःच हिला गदागदा हलवलं. "बोल ना गं! जीव घेणार आहेस का माझा? तू अशी राहिलीस तर मी दुकान फुंकून टाकीन आणि तुला कुठेतरी ठेवून येईन!" असं म्हटलं मी. मोठ्याने. सिस्टर धावत आली.

खोली इतकी शांत आहे की माझं मलाच ऐकू येतं. नाडीचं यंत्र टिकटिकतं, त्याच्या शेजारची खुर्ची धरली आहे.

५ मार्च, गुरुवार

आज काय झालं ते नीट लिहिते. नाहीतर उद्या माझाच माझ्यावर विश्वास बसायचा नाही.

सकाळी मनोविकाराच्या डॉक्टरीणबाई आल्या. आखूड केस, पायात आवाज करणाऱ्या सपाता. त्यांनी धाकटीचा हात वर उचलला, सोडला. राहिला. मान एका बाजूला वळवली. राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "याला कॅटाटोनिया म्हणतात. माणूस आखडतो, शरीर आणि बोलणं दोन्ही. मोठ्या उदासीतून येऊ शकतो."

उदासी? मला हसूच फुटलं. म्हटलं, "बाई, तुम्ही चुकीच्या खाटेशी आलात. हिच्यामुळे दुसऱ्यांची उदासी पळते."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "एक इंजेक्शन देऊन बघू. झोपेच्या गोळ्या असतात ना, त्याच कुटुंबातलं."

मी उभी राहिले ती खुर्ची पडली. अहो, ही आधीच निपचित! हिला आणखी झोपवता? आगीतून काढून फुफाट्यात घालता? आणि झोपेचं औषध तर आमच्या घरात नकोच. मग सगळं सांगून टाकलं, अनोळखी बाईंना, तीन खाटांच्या खोलीत. आई झोपेची गोळी घ्यायची. एका थंडीत तिला खोकला झाला. कोणीतरी खोकल्याचं कडक औषध दिलं, तिने दोन्ही घेतली. सकाळी मी चहा घेऊन गेले. ती उठली नाही. घरात आवाजच नव्हता. मी एकोणीस वर्षांची, धाकटी अकराची. बाबा त्याआधीच गेलेले.

बाईंनी मधे तोडलं नाही. खुर्ची उचलून मला बसवलं. म्हणाल्या, "तुमच्या आईचं मी आज नक्की सांगू शकत नाही. पण ही औषधं मेंदूला मंद करतात, आणि काही खोकल्याची औषधंही करतात. दारूही करते. अशी दोन एकत्र आली की श्वासच मंदावतो. म्हणून हे औषध एकटं असलेलं बरं. आणि वैरी नव्हे हो ते. मेंदूत पेशी एकमेकींना 'थांब, शांत हो' असं सांगत असतात, ते सांगणं हे औषध मोठं करतं. फिट आलेल्याची फिट थांबते. एकदम दारू सोडलेला माणूस थरथरतो, त्याला हेच देतो. ऑपरेशनच्या आधी घाबरलेला पेशंट शांत होतो, नंतर त्याला फारसं आठवतही नाही. तुमची बहीण झोपलेली नाही. ती आत जागी असेल. घाबरून आखडली असेल. आखडणं सैल झालं तर बोलेल."

"आणि श्वास थांबला तर?"

"म्हणून तर मी इथून हलणार नाही."

बोटाला चिमटा लावला, त्यात रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा दिसतो. ऑक्सिजन जवळ ओढला. याच्यावरचं उलटं औषधही ट्रेमध्ये ठेवलेलं दाखवलं मला. मी सही केली. सही कसली, वेडीवाकडी रेघ.

हळूहळू इंजेक्शन दिलं. मी तिच्या छातीकडे बघत होते, वर-खाली, वर-खाली. मी मनात म्हणत होते, झोपू नकोस, झोपू नकोस. आणि तिची मूठ सुटली. मग खांदे उतरले. पापण्या हलल्या, एकदा, दोनदा. तिने मान माझ्याकडे वळवली — स्वतः! ओठ चाटले.

"पाणी."

मी रडत रडत पेला धरला. ती प्यायली, सांडलं, पुन्हा प्यायली. मग माझ्याकडे बघत राहिली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "ताई, बाहीवर शाई लागलीये. घासू नकोस, पसरेल."

६ मार्च, शुक्रवार

काल संध्याकाळी पुन्हा आखडली. मला वाटलं संपलं सगळं. बाई म्हणाल्या, "संपलं नाही. औषध उतरलं." पुन्हा दिलं, पुन्हा सुटली. आता ठरलेल्या वेळांना गोळ्या. शिवाय उदासीवरची वेगळी गोळी, ती काम करायला काही आठवडे घेते म्हणे.

माझा जीव त्या गोळ्यांच्या वेळांना टांगलेला आहे. सिस्टरला विचारून विचारून हैराण केलंय. आज तिने मला बघताच हात जोडले.

८ मार्च, रविवार

आज तिने स्वतःच्या हाताने केस विंचरले.

११ मार्च, बुधवार

मी संत्रं सोलत होते. ती म्हणाली, "ताई, मला सगळं ऐकू येत होतं."

मी म्हटलं, "काय सगळं?"

"सगळं. मावशी. तू. मला ओरडायचं होतं, बोटसुद्धा हलेना. काहीतरी फार वाईट होणार आहे असं वाटत होतं, आणि हललं की ते होईल."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. कुठेतरी ठेवून येईन म्हटलं होतं मी! माफी मागितली. ती म्हणाली, "अगं, घाबरली होतीस." मग म्हणाली, "काका येऊन नुसते बसायचे. काही बोलायचे नाहीत. बरं वाटायचं."

काकांना सांगितलं तर ते लाजले.

१४ मार्च, शनिवार

घरी आणलं!

बाईंनी मला समोर बसवून बजावलं. हे औषध एकदम बंद करायचं नाही, मनाने कमी करायचं नाही, मनाने वाढवायचं नाही. शरीराला त्याची सवय होते. एकदम काढलं की झोप उडते, हात कापतात, भीती उसळून येते, कधी फिटही येते. आणि हिच्या बाबतीत तर पुन्हा आखडण्याचं भय. सगळं सुरळीत राहिलं तर त्या स्वतः थोडं थोडं उतरवतील, जिन्यावरून उतरतात तसं. सुस्ती येईल, तोल जाईल, गोष्टी विसरेल. वाफेच्या प्रेसजवळ जायचं नाही. दारू नको, दुसरी गुंगीची औषधं नकोत.

मी मान डोलवत होते. मी कधी नव्हे ते इतकी शहाणी!

१९ मार्च, गुरुवार

घरात आहे, पण नाही. भिंतीला हात लावत चालते. दुपारी खुर्चीतच डुलकी. मी बाथरूमच्या दाराबाहेर उभी राहते, "आहेस ना?" — "आहे." बस, एक शब्द. जेवताना मी बोलते, ती ऐकते. मी टीव्ही लावून ठेवते, ती उठून बंद करते.

दुकानात प्रत्येक माणूस विचारतो, "रेडिओ कधी सुरू होणार?" मी म्हणते, "दुरुस्तीला दिलाय." हसतात. मी आत जाऊन कपड्यांच्या ढिगात तोंड घालून रडते. माझी बहीण मला परत हवी आहे. ही जी बसली आहे ती तिच्यासारखी दिसते, एवढंच.

मावशी म्हणाली, "त्या गोळ्यांनीच मंद झाली पोरगी. माझ्या शेजारणीची सासू याच गोळ्या खाऊन खाऊन दगड झाली. सवय लागली की सुटत नाही हो." मावशीचं मी एरवी या कानाने ऐकते आणि त्या कानाने सोडते. पण हे डोक्यातून जाईना. बाईच नाही का म्हणाल्या, मेंदूला मंद करतं? मग? गप्प आहे ती औषधानेच!

२३ मार्च, सोमवार

दुपारची गोळी शिवण उसवायच्या पात्याने अर्धी केली. अर्धीच दिली. तिला सांगितलं नाही.

२५ मार्च, बुधवार

फरक आहे! सकाळी आपणहून चार-पाच वाक्यं बोलली. "चादर कुठली ही? ही आपली नव्हे. बदल. मला टोचते." इकडून तिकडे फिरत होती. डुलकी नाही. मी म्हटलं नव्हतं? आता दुपारची पूर्ण बंद, सकाळची अर्धी. बाईंना आत्ताच कशाला सांगायचं, बरी झालेली बघून त्यांनाच कळेल.

झोपली नाही म्हणाली. हात किंचित कापत होते, कप बशीवर वाजला. अशक्तपणा असणार.

२८ मार्च, शनिवार

सकाळी बेसिनचा नळ वाहत होता, वाहतच होता. गेले. ती आरशासमोर उभी. दातांचा ब्रश तोंडाजवळ. डोळे उघडे.

पुन्हा तीच खोली. बाईंनी विचारलं, "गोळ्या वेळेवर दिल्यात ना?"

"हो," मी म्हटलं. "सगळ्या."

कशी म्हणाले मी हे! तोंडातून निघून गेलं. निघाल्यावर परत गिळता आलं नाही.

२९ मार्च, रविवार

इंजेक्शन दिलं. मी छातीकडे बघत राहिले. काहीच नाही. दुसरं दिलं. मूठ थोडी सैल झाली, पण बोलली नाही. अंगात बारीक ताप आहे. बाई सिस्टरशी दाराशी बोलत होत्या, मला ऐकू आलं. "पूर्ण डोसवर असताना पलटलं म्हणजे या औषधाला दाद देत नाही. उद्या विजेच्या उपचाराची तयारी करू. भूल देणाऱ्यांना कळवा."

विजेचा उपचार वाईट नसतो, बाईंनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. भूल देऊन करतात, कित्येक माणसं त्याने उठतात. पण त्या जे ठरवत होत्या ते माझ्या खोट्यावर ठरवत होत्या! औषध हरलं नव्हतं. औषध मी चोरलं होतं.

सांगितलं तर? तिला माझ्या ताब्यात परत देणार नाहीत. मला तिची बहीण म्हणून उभं राहू देणार नाहीत. बाकावर बसले, उठले, पुन्हा बसले. काका डबा घेऊन आले होते. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, काहीतरी आहे. जाऊन सांगा."

गेले. सपातांच्या मागे अक्षरशः पळाले. जिन्यातच सांगितलं. अर्धी कधीपासून, बंद कधीपासून, खोटं का बोलले, सगळं. "गप्प होती हो ती. मला वाटलं गोळ्यांनी गप्प केलंय. मला माझी बडबडी बहीण हवी होती."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. कठड्याला टेकल्या आणि डोळे मिटून म्हणाल्या, "चला. आता निदान आपण कशाशी लढतोय ते कळलं. औषध एकदम कमी झालं म्हणून उसळलंय. पूर्ण डोस परत सुरू करते, उद्या संध्याकाळपर्यंत बघू. नाही सुटली तर वीज." मग डोळे उघडून म्हणाल्या, "यापुढे काळजी वाटली तर गोळीला हात लावू नका. मला फोन लावा. कितीदाही लावा." 

मला वाटतं त्यांना या शब्दाचा पुढे पश्चात्ताप होईल.

३० मार्च, सोमवार

काही नाही.

दुपारी: काही नाही. ताप तेवढाच. तिसऱ्यांदा दिलं. तिच्या श्वासावर सिस्टरचं सारखं लक्ष.

चारच्या सुमारास: डोळ्यातून पाणी आलं तिच्या. एकाच डोळ्यातून. मी म्हटलं, "मी होते गं ती. मी कमी केल्या गोळ्या. तू नाही परत आलीस तर मी काय करू?" ती ऐकते हे आता माहीत आहे, म्हणून कानाशी हळू बोलले.

पुन्हा लिहिते: तिने माझं बोट दाबलं!! दाबलं! मग "हो" म्हणाली. कशाला हो, ते विचारलं नाही.

१ एप्रिल, बुधवार

ताप उतरला. भात मागून खाल्ला. वीज नको म्हणाल्या बाई, तूर्त.

मी बाईंना आज तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा त्यांनी उचलल्या उचलल्या "बोला ताई" म्हटलं.

२१ एप्रिल, मंगळवार

घरी. गोळ्या आता ती स्वतः घेते, माझ्यासमोर, आणि जीभ काढून दाखवते वात्रटासारखी. मी हसले. खूप दिवसांनी दोघी हसलो.

पण बोलत नाही. विचारलं तर उत्तर देते, नीट, गोड. आपणहून नाही. मी पात्याकडे बघतसुद्धा नाही आता. कानाला खडा! तरी आत धाकधूक आहेच. औषध उतरलं की परतेल ना? बाईंना विचारलं. म्हणाल्या, "कोण परतेल?" मी म्हटलं, "रेडिओ." म्हणाल्या, "बघू."

बघू! डॉक्टरांनी "बघू" म्हटलं की माझं काळीज लक्‌कन हलतं.

१६ मे, शनिवार

पहिली पायरी उतरलो. अगदी चिमूटभर कमी. चार दिवस मी तिच्या हातांकडे चोरासारखी बघत होते. नाही कापले. झोप एक दिवस उडाली, मग आली. 

दुकानात यायला लागली आहे. प्रेसपासून लांब, फक्त डागांशी. एका बाईंनी पांढरा सदरा आणला, म्हणाल्या गंज लागलाय. धाकटीने बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि काही न विचारता रक्ताच्या डागाचं औषध घेतलं. डाग निघाला. बाई सदरा छातीशी धरून उभ्या राहिल्या. पूर्वी हिने त्यांच्याकडून सगळी कहाणी काढली असती.

९ जुलै, गुरुवार

आणखी एक पायरी. ठीक. ठीक आहे म्हणायलाही भीती वाटते, दृष्ट लागेल.

तोल जात नाही. विसरत नाही. मला औषधाच्या वेळेची आठवण तीच करून देते! चेहऱ्यावर तकाकी आहे. जेवते. खिडकीत बसून नुसती बाहेर बघते आणि कंटाळत नाही. मी पाच मिनिटांनी विचारते, "काय झालं?" ती म्हणते, "काही नाही, ताई."

२० ऑगस्ट, गुरुवार

शेवटची पायरी उतरून बरेच दिवस झाले. आज तपासणी. बाईंनी हात, डोळे, चालणं, सगळं बघितलं. "झोपेचं औषध संपलं. उदासीवरचं अजून चालू ठेवू. छान आहे ही."

धाकटी बाहेर गेल्यावर मी दार लोटलं. म्हटलं, "अंमल अजून असेल ना थोडा? रक्तात, मेंदूत कुठेतरी? अजून गप्पच असते हो."

बाई म्हणाल्या, "औषध केव्हाच निघून गेलं. आजाराचीही खूण नाही. ती मला बरी दिसते."

"मग ती पहिल्यासारखी का बोलत नाही?"

"हे मला नका विचारू," म्हणाल्या. "तिला कधी विचारलंत का?"

नाही विचारलं. सहा महिने सगळ्या जगाला विचारलं. मावशीला, सिस्टरला, बाईंना दिवसातून तीनदा. तिला नाही.

२३ ऑगस्ट, रविवार

विचारलं.

ती म्हणाली, "ताई, मी बडबडी कधीच नव्हते. आई गेली ना, तेव्हा घरात जरा शांतता झाली की तू थरथरायला लागायचीस. मी काहीतरी बोलायला लागले की थांबायचीस. म्हणून मग बोलतच राहिले. दमले गं."

मग गप्प झाली. घरात काही म्हणजे काही वाजत नव्हतं. माझे हात थरथरायला लागले. तिने ते बघितलं, आणि बोलायला तोंड उघडलं.

मी मानेनेच नको म्हटलं.